क्रीडाप्रेमीचा बोकड

फायनल हरल्यावर माझ्या भावानं समोरच्या कॅप्टनला हात दिला नाही. गोष्ट एवढीच होती. पण आमच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर शेतातला हरभरा निघाला तरी ती संपली नव्हती.

दुकान वाटूर फाट्यावर आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. शेजारच्या हॉटेलातला चहा आमच्या बाकड्यावर येतो आणि चहामागोमाग माणसं येतात. पप्पा मालासाठी जालन्याला गेले की काउंटरवर मी बसते. माझं शिक्षण जुन्या जालन्यात आत्याकडं राहून इंग्लिश मीडियममध्ये झालं. बी.एस्सी. करून परत आले तेव्हापासून बाकड्यावरच्या लोकांची अशी समजूत आहे की मला त्यांचं बोलणं अर्धंमुर्धंच कळतं. मी ती समजूत कधी मोडली नाही. मला मुळात बोलायला आवडत नाही. आणि जिला काही कळत नाही असं लोक धरून चालतात, तिच्यासमोर ते सगळंच बोलतात.

बाकड्यावरचे तिघं पक्के. एक निवृत्त गुरुजी, अर्ध्या गावाला शाळेत कबड्डी शिकवलेले. एक टेम्पोवाला, ज्याचा टेम्पो रस्त्यावर कमी आणि आमच्या दारात जास्त असतो. आणि तिसरे माझे काका. सख्खे नाहीत, पप्पांचे चुलतभाऊ. आमच्या घराण्यात पूर्वी सगळ्यांकडंच शेळ्यामेंढ्या होत्या. पप्पांनी त्या विकून दुकान टाकलं. काकांनी कळपही ठेवला, शेतीही केली आणि गावच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्षही झाले. दादाला लहानपणी हाताला धरून मैदानात नेलं ते काकांनीच.

“हारजीत चालूच राहती,” काका बशीत चहा ओतत म्हणायचे. “पण हात द्यायचा असतो. समोरचं पोरगं हात पुढं करून उभं, आन् ह्यो पाठ फिरवून निघाला. गावाची काय इज्जत राह्यली?”

“रागात होतं लेकरू,” गुरुजी म्हणायचे.

“गुरुजी, तुम्ही आम्हाला काय शिकवलं? हारला तरी हात द्या. शिकवलं का न्हाई?”

“शिकवलं.”

“मंग?”

टेम्पोवाला मधे पडायचा. “मी घरी रोज बायकोसंग हारतो. कधी हात देत न्हाई. माझी इज्जत गेली का?”

“तुझी होती कधी?”

सगळे हसायचे. मग काका मान वळवून दुकानात बघायचे. “आमचं इंग्लिश मीडियम काय म्हणतं? स्पोर्ट्समनशिप म्हणत्यात ना त्याला, माय?”

मी मान हलवायचे आणि बिल फाडायचे.

ती फायनल मी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, मोबाईलवर घेतली होती. दादानंच सांगितलं होतं, “माझ्या चढाया घे, मला पाय कुठं पडतो ते बघायचंय.” आमच्याच गावच्या स्पर्धा, शाळेमागच्या मैदानावर. फायनलला समोर अंकुशनगरचा संघ. ऊसतोडीतली, कारखान्यावरची पोरं, सगळी दादापेक्षा अंगानं जड. बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याही मागं, भिंतीला टेकून उभी होते, कारण तिथं कुणी बोलायला येत नाही आणि मोबाईल हलत नाही.

दादा आमचा कॅप्टन. पहिल्या हाफमध्ये तो त्यांना सापडतच नव्हता. तो सडपातळ आहे. चढाईला जातो तेव्हा आधी काही करतच नाही, नुसता इकडून तिकडं फिरतो, जणू काही विसरलंय आणि ते शोधतोय. आणि मग एकदम कुणाच्या तरी गुडघ्याला हात लागलेला असतो आणि दादा मधली रेषा ओलांडून परत आलेला असतो. हाफ टाईमला आम्ही चांगले पुढं होतो.

आमच्याकडच्या स्पर्धांत एक चाल आहे. खेळ चालू असताना प्रेक्षकांतलं कुणीही माईकवाल्याला सांगून बक्षीस लावू शकतं. या चढाईला एवढे, त्या पकडीला तेवढे. कुणी रोख लावतो, कुणी कोंबडा, कुणी नारळाचं पोतं. ज्याला नाव नको असतं त्याचं नाव माईकवाला ‘एक क्रीडाप्रेमी’ असं घेतो. दुसरा हाफ सुरू झाला आणि माईकवर आवाज आला, “गावच्या कॅप्टनला जो पकडील, त्याच्या संघाला एका क्रीडाप्रेमीकडून बोकड! जिता बोकड!”

मैदान हसलं. आमचीही पोरं हसली. दादानं कमरेवर हात ठेवून माईककडं बघितलं आणि तोही हसला.

पण समोरची पोरं हसली नाहीत. तोवर ती आमच्या सगळ्या चढाईवाल्यांकडं सारखीच बघत होती. आता आमचा दुसरा कुणी गेला की ती मागं सरायची, जाऊ द्यायची. दादा गेला की सातही जण पुढं यायचे. त्यांचा डावा कोपरा सांभाळणारा पोरगा तर फक्त दादाच्या घोट्याकडं बघत होता. गुण हळूहळू सारखे झाले. शेवटची चढाई दादाची होती. त्या पोरानं घोटा धरला, बाकीचे अंगावर पडले, आणि दादाचा लांब केलेला हात मधल्या रेषेच्या अलीकडं, मातीत, वीतभर अंतरावर थांबला.

मी मोबाईल खाली केला नाही. दोन्ही संघ रांगेनं एकमेकांना हात द्यायला निघाले. बक्षिसांच्या टेबलाच्या पायाला कुणीतरी बोकड आणून बांधला. काळाभोर, गुलाल माखलेला, आणि पोरांनी गमतीनं त्याच्या डोक्याला टॉवेलचा फेटा बांधलेला. दादा रांगेत पहिला होता. त्यांचा कॅप्टन हात पुढं करून, हसत, टेबलाजवळ उभा होता. दादा तिथवर गेला, थांबला, आणि वळला. कुणाशीही न बोलता गर्दीतून निघून गेला.

कुणाच्या तरी मोबाईलमधला तेवढाच तुकडा त्या दिवशी गावभर फिरला. दादाची पाठ आणि समोर एक रिकामा हात.

घरी दादानं कुणाला काही सांगितलं नाही. आईनं विचारलं, पप्पांनी विचारलं. “मन न्हाई झालं,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी मैदानावर जाईना. दुकानामागच्या शेडमध्ये फवारणीचे पंप दुरुस्त करत बसायला लागला. तेही त्याला आवडतं, पण कबड्डीसारखं नाही. त्याच्याकडं बघून मला जालन्यातल्या माझ्या वर्गमैत्रिणी आठवायच्या, घरच्यांनी कॉलेजमधून काढून घेतल्यावर भांडी घासताना दिसलेल्या.

मग मंडळाची बैठक झाली आणि काकांनी ठराव मांडला. चैत्रात गावोगावच्या यात्रांच्या स्पर्धा सुरू होतात. त्यासाठी संघ निवडायच्या दिवशी दादानं मैदानात, माईकवर, सगळ्या गावासमोर माफी मागायची. नाही मागितली तर कॅप्टनपणही गेलं आणि संघातली जागाही. काकांचा मुलगाही त्याच संघात होता. फायनलला दादानं त्याला राखीव ठेवलं होतं, पूर्ण मॅच तो रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्यांजवळ बसून होता. आता कॅप्टन म्हणून त्याचंच नाव घेतलं जात होतं.

“मागशील का?” मी दादाला विचारलं.

“न्हाई.”

“मग खेळायचं बंद?”

तो पंपाचा वॉशर बदलत होता. बराच वेळ बदलत राहिला.

मला त्याचं ते थांबणं सुटत नव्हतं. दादा रागीट नाही. हरल्यावर हात न देणारा तर मुळीच नाही. लहानपणी मी पत्त्यात फसवून जिंकले तरी तो मला हात द्यायचा. म्हणून मी दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा माझा व्हिडिओ परत परत बघायला लागले. त्यात दादाचा चेहरा दिसत होता, पाठ नाही. तो कॅप्टनकडं चालत येतो. त्याचा उजवा हात थोडा वर येतो, म्हणजे हात द्यायलाच तो निघालेला असतो. मग त्याची नजर खाली, डावीकडं जाते. तिथं बोकड आहे. बोकड मान झटकतो, फेटा घसरतो, एक कान बाहेर येतो. दादाचा हात खाली जातो.

मी चित्र थांबवलं आणि तो कान मोठा करून बघितला.

आमच्या लोकांत प्रत्येक घराण्याची शेळ्यामेंढ्यांच्या कानाला काप द्यायची खूण ठरलेली असते. चरताना कळप मिसळले तर कानावरून वेगळे करतात. कुणाची एक चीर, कुणाचं भोक, कुणाचा टोकाला तिरका छाट. आमच्या घराण्याची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच. पप्पांनी जित्राबं विकल्यापासून गावात ती खूण फक्त काकांच्या कळपात आहे. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जालन्याहून आले की काका मला कळपाकडं न्यायचे. माझ्या मांडीत करडू धरून ठेवायला लावायचे आणि त्याच्या कानाला काप द्यायचे. माझ्या फ्रॉकवर रक्त पडायचं, मी रडायचे. ते हसून म्हणायचे, “रडू नको. ही आपल्या घराची खूण हाय. जगात कुठंबी दिसली तं ओळखायचं.”

ओळखली.

मला आधी वाटलं होतं की खरं कळलं की मला वाईट वाटेल. वाईट वाटलं नाही. मला एकदम शांत वाटलं. इतके दिवस बाकड्यावर बसून हा माणूस इज्जतीवर बोलत होता. आमचा चहा पीत होता. आणि मला ‘माय’ म्हणत होता.

मी शेडमध्ये जाऊन मोबाईल दादासमोर धरला. त्यानं एकदाच बघितलं.

“कुणाला दाखवलं?”

“कुणालाच नाही.”

“दाखवू नको.”

“का?”

“घरचं हाय.”

“त्यांनी घरचं ठेवलं का?”

“हे बघ,” तो म्हणाला, “आत्ता लोक मला माजोरडा म्हणत्यात. म्हणू दे. हे कळलं तं म्हणतील, ह्याच्या सख्ख्या माणसानं ह्याच्यावर बोकड लावला. त्याच्यापेक्षा माजोरडा बरा.”

“सख्खे नाहीत.”

“मला मैदानात कुणी आणलं?”

यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण दादाला ते ऐकायचं नव्हतं. त्याला खेळ सोडून देणं सोपं वाटत होतं आणि काकांना उघडं पाडणं अवघड. मला नेमकं उलटं वाटत होतं.

मी काही दिवस काहीच केलं नाही. काका रोज यायचे. निवडीचा दिवस जवळ येत होता आणि त्यांचा आवाज वाढत होता. एके सकाळी ते म्हणाले, “माफी मागायला बी काळीज लागतं. त्याच्या बापानं दुकानदारीच शिकवली, काळीज कुठून येणार?” पप्पा आत गोण्या मोजत होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी गोणी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि मोजत राहिले.

त्या सकाळी मी ठरवलं.

आमच्या दुकानाचा एक वेगळा मोबाईल आहे. आसपासच्या गावांतल्या जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याकडं तो नंबर आहे, कारण युरिया आला, डीएपी आला, कोणतं बियाणं शिल्लक आहे, हे सगळं मी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकते. लोक सकाळी देवाच्या आधी ते स्टेटस बघतात. मी व्हिडिओतून तेवढं एक चित्र कापलं. टेबलाचा पाय, गुलाल माखलेला काळा बोकड, घसरलेला फेटा आणि तो कान. कान नीट दिसेल इतकं मोठं केलं. खाली काहीही लिहिलं नाही. डीएपीच्या फोटोच्या मागं ते टाकून दिलं.

पहिला निरोप आला तो असा: “ताई, बोकड विकायचा आहे का? काय भाव?”

मग काही वेळ कुणाचाच काही आला नाही. नंतर एकामागून एक यायला लागले. कुणी हसण्याची चित्रं, कुणी नुसतं “अरे देवा”. आमच्याच भावकीतल्या एका म्हातारबांनी, ज्यांना लिहिता येत नाही, आवाज पाठवला: “ही खाच आपली हाय ना वं, माय? फायनलचा बोकड ना ह्यो?” मी कुणालाही उत्तर दिलं नाही.

बाकड्यावर काका अजून आले नव्हते. टेम्पोवाल्यानं मोबाईल गुरुजींपुढं धरला. गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला.

“कुणाची खूण म्हणायची ही?” टेम्पोवाला हळू म्हणाला.

“तुला माहीत न्हाई का?”

“माहीत हाय. तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

तेवढ्यात काका आले. बसले. चहा मागवला. दोघंही रस्त्याकडं बघत होते. काकांना काहीतरी चुकतंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही. मग टेम्पोवाला उठला आणि मोठ्यानं म्हणाला, “चला, आमचे क्रीडाप्रेमी आले!” आणि चहा न पिताच टेम्पोत जाऊन बसला. मी काउंटरवरून काकांचा चेहरा बघत होते. मुद्दाम बघत होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि मग मान वर केली ती थेट माझ्याकडं.

ते नाव त्यांना चिकटलं. बसस्टँडवर पोरं आडून ओरडायची, “क्रीडाप्रेमीऽऽ”. पप्पांनी स्टेटसच्या पहिल्याच दिवशी दुपारी ते चित्र बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ते मोबाईल परत देत म्हणाले, “उन्हाळी मुगाचं बियाणं आलंय, त्येबी टाक त्याच्या मागं.” म्हणजे काढ म्हणाले नाहीत. दादा मात्र संतापला. “दाखवू नको म्हणलं होतं ना! काढ ते!” मी म्हणाले, उद्या सकाळपर्यंत आपोआप जातं.

त्याच दुपारी, ऊन रस्त्यावर पसरलेलं, कुणी गिऱ्हाईक नाही, तेव्हा काका आले. बाकड्यावर बसले नाहीत, सरळ आत आले.

“माय, ते फोटू काढून टाक.”

“उद्या जाईल.”

“आत्ता काढ.”

मी वहीत आकडे मांडत राहिले. त्यांनी आवाज खाली आणला. “गंमत केल्ती मी. खेळाला जरा रंग यावा म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं, बिलकुल नव्हतं.”

“मग नाव का लपवलं?”

ते काउंटरवरची पावतीबुकं सरळ करायला लागले.

“तुमच्या मुलाला बाहेर बसवलं म्हणून?”

“तुला काय कळतंय त्यातलं? तू तिकडं इंग्लिशमधी शिकलेली.”

“खूण तुम्हीच शिकवली होती.”

इतकं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. पण मला थांबायचं नव्हतं. “दादाला माईकवर माफी मागायला लावणार होता ना? तुम्ही माईकवर सांगा. बोकड कुणाचा होता ते.”

“मी? माईकवर?” त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. “अगं, मी अध्यक्ष हाय.”

“म्हणूनच.”

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेटस गेलं आणि मी ते परत टाकलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही टाकलं. दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला. आई म्हणाली, पुरे झालं आता. मला पुरे झालेलं नव्हतं. रोज सकाळी डीएपी, युरिया, मूग आणि बोकड. निवडीच्या दिवसापर्यंत मी एकही दिवस चुकवला नाही.

निवडीला सहसा बायका जात नाहीत. मी गेले. मैदानाच्या कडेला स्कूटी लावली आणि तिच्याच आडोशाला उभी राहिले. दादा येणार नाही असं मला वाटलं होतं, पण तो आला आणि पोरांच्या मागं, सगळ्यात शेवटी बसला. उन्हं कलली होती. मंडळाचा माईक शाळेच्या ओट्यावर आणला होता आणि काका तो हातात घेऊन उभे होते.

त्यांनी आधी यात्रांचं सांगितलं. कोणत्या गावाला कधी जायचं, गाडी कुणाची. मग संघाच्या कपड्यांचं. मग थोडं पाणी प्यायले. पोरांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मागून “क्रीडाप्रेमी!” म्हणालं आणि हशा पिकला. काका त्या हशाच्या आतच बोलले, घाईघाईनं, म्हणजे अर्ध्यांना ऐकूच येऊ नये असं.

“तं... फायनलचा बोकड माझा होता. खेळाला रंग यावा म्हणून लावल्ता. कुणाच्या मनाला लागलं असंल तं, जाऊ द्या.”

“ऐकू न्हाई आलं!” टेम्पोवाला ओरडला.

गुरुजी पुढच्या रांगेत खुर्चीवर होते. ते मागं न बघता म्हणाले, “माईक तोंडाजवळ घे आन् परत सांग. शिकवलंय मी तुला.”

काकांनी परत सांगितलं. या वेळी ते सगळीकडं, शाळेच्या भिंतींवर आपटून, फाट्यापर्यंत ऐकू गेलं असेल. त्यांचा मुलगा खाली मान घालून बुटाची लेस ओढत होता. मला त्याची कीव आली नाही. मला वाटलं होतं तसंच, अगदी तसंच झालं होतं, आणि मला मनापासून आनंद झाला.

मग दादा उठला.

तो ओट्यावर गेला आणि काकांच्या हातातून त्यानं माईक घेतला. मला वाटलं आता तो बोलेल. इतके दिवस जे गिळलं ते सगळं. तो म्हणाला, “अंकुशनगरच्या पोरानं पकड इमानदारीनं केल्ती. त्याचा हात मी घ्यायला पायजे होता. ती माझी चूक. मी उद्या जाऊन त्याला हात देऊन येतो.” एवढं बोलून त्यानं काकांच्या मुलाकडं बघितलं. “ऊठ. सरावाची पहिली चढाई तू कर. बघू पाय कुठं पडतो तुझा.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या. कॅप्टन कोण हे कुणी विचारलंच नाही, कारण आता विचारायचं काही राहिलं नव्हतं. काका ओट्यावरून उतरले आणि त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. दादानं तो ठेवू दिला.

मी तिथं उभी राहून दातओठ खात होते. दादा त्याच संध्याकाळी अंगाला माती लावून घरी आला, फायनलनंतर पहिल्यांदा, आणि पोटभर जेवला. ते मला हवं होतं. पण मी माईकपर्यंत ओढत आणलेल्या माणसाला त्यानं एका वाक्यात सोडून दिलं होतं. जेवताना त्यानं माझ्या ताटात एक भाकरी टाकली, म्हणजे आमचं बोलणं परत सुरू झालं होतं.

“झालं ना आता तुझं?” तो म्हणाला.

“तुझं झालं असेल,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच मोटरसायकल काढून अंकुशनगरला गेला आणि संध्याकाळी हसत परत आला. त्या कॅप्टनला हाताचं काही आठवतच नव्हतं. जिंकल्याच्या गडबडीत कोण आलं, कोण गेलं, त्याला कळलंच नव्हतं. त्यानं दादाला उसाचा रस पाजला आणि पुढच्या स्पर्धेत परत धरतो म्हणून सांगितलं. म्हणजे जी इज्जत गेली म्हणून बाकड्यावर एवढे दिवस चहा संपत होता, ती गेल्याचं फक्त आमच्याच गावाला माहीत होतं.

बाकड्यावरचं बोलणं आता बदललं. “ह्याला म्हणत्यात खिलाडूवृत्ती,” टेम्पोवाला म्हणायला लागला. गुरुजी म्हणाले, ते आधीपासूनच म्हणत होते. थोड्या दिवसांनी काकाही यायला लागले. आधी कडेला बसायचे, मग मधे. त्यांनीही एकदा खिलाडूवृत्ती हा शब्द वापरला, आणि कुणी काही म्हणालं नाही. गाव विसरायला तयार होतं. दादा विसरला होता. पप्पांनी त्यांना चहा सांगितला.

एका सकाळी काका आत आले. काउंटरवर दोन्ही हात टेकले. पूर्वी यायचे तसेच, हसत.

“माय, राग गेला ना आता? मेंढरांना जंताचं औषध पायजे. चारायला लांब न्यायचीत, त्याच्या आधी पाजायचंय.”

जनावरांची औषधं आमच्याकडं माझ्या पाठीमागच्या फळीवर असतात. जंताच्या औषधाच्या बाटल्या आदल्याच दिवशी आल्या होत्या. मीच त्या एका रांगेत लावल्या होत्या, नावं पुढं करून.

“संपलंय,” मी म्हणाले.

काकांनी माझ्या डोक्यावरून फळीकडं बघितलं. रांग त्यांना स्पष्ट दिसत होती. त्यांनी परत माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडंच बघत होते.

“बरं,” ते म्हणाले. “परतूरला बघतो.”

ते गेले. मी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय देऊ?